पत्र्यावरची बाई आणि आमची वहिनी

माझ्या वहिनीच्या शोकसभेत मी तिचा फोटो टेबलावरून उचलला आणि पालथा घातला. बहरीनमधल्या आमच्या मराठी लोकांत ही गोष्ट अजून सांगितली जाते आणि प्रत्येक जण ती थोडी वेगळी सांगतो. कोणी म्हणतं, मी फोटो फेकला. कोणी म्हणतं, काच फुटली. काच फुटली नाही. फुटली असती तर बरं झालं असतं, असं मला अधूनमधून वाटतं. नणंद दुःखाने भ्रमिष्ट झाली होती, असंही काही जण समजूतदारपणे सांगतात. मी भ्रमिष्ट नव्हते. मी संतापले होते आणि तो संताप अजून उतरलेला नाही. तो का आला हे सांगायचं तर आधी वहिनी कशी दिसायची ते सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यावरच झालं.

वहिनी काळी होती. आमच्याकडे काळ्या बाईला सावळी म्हणतात, जणू काळी म्हटलं तर शिवी दिल्यासारखं होतं. ती सावळी नव्हती, काळी होती. कपाळ रुंद, भुवया जाड, वरचे दोन दात जरा पुढे. उजव्या नाकपुडीला लागून एक मोठा मस होता आणि त्यावर केस उगवायचे. ते केस ती कधी कापायची, कधी विसरायची. हसायची तेव्हा तोंडावर पदर नाहीतर ओढणी घ्यायची. ही सवय तिला माहेरून नव्हती. ती आमच्या घरात आल्यावर लागली. लग्न ठरलं तेव्हा माझी आई दारात उभी राहून शेजारणीला म्हणाली होती की मुलगी कामाची आहे, फक्त रंगाने मार खाल्लाय. वहिनी तेव्हा आत पाटावर बसलेली होती. आईचा आवाज बारीक कधीच नव्हता.

माझा दादा बहरीनमध्ये एका एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे. लग्नानंतर काही वर्षांनी फॅमिली व्हिसा मिळाला आणि वहिनी इथे, बहरीनमधल्या बुसैतीनला आली. मी नवऱ्याबरोबर नंतर आले, तेव्हा तिचं इथलं बस्तान बसलेलं होतं. ती शेजारपाजारची मुलं सांभाळायची. आया कामावर गेल्या की मुलं तिच्याकडे. त्यात एक मल्याळी, एक पाकिस्तानी, खालच्या मजल्यावरच्या बहरीनी कुटुंबातली एक छोटी. ही छोटी वहिनीच्या मांडीवर बसून तिचा मस बोटाने दाबायची आणि वहिनी लगेच घंटीसारखा आवाज काढायची. मग बाकीची पोरंही रांग लावायची. वहिनी खलास, पुरे म्हणेपर्यंत हा खेळ चालायचा. त्या मुलांना तिचा चेहरा फार आवडायचा. मोठ्या माणसांत असं कोणी मला तरी भेटलं नाही.

इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम व्हायचे. गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू, कोजागिरी. प्रत्येक कार्यक्रमात शेवटी सगळ्या बायकांचा एक फोटो असतो आणि प्रत्येक वेळी फोन वहिनीच्या हातात दिला जायचा. मंडळातल्या एक काकू आहेत, सगळ्या समित्यांवर असतात. त्या म्हणायच्या, तुझा हात कसा अगदी स्थिर असतो गं, तूच काढ. वहिनी काढायची. एकदा, दोनदा, सगळ्यांचे डोळे उघडे आहेत ना ते बघून पुन्हा. मी म्हणायचे, वहिनी, आता तुम्ही या, मी काढते. तेवढ्यात रांग मोडलेली असायची, कोणी प्लेटा गोळा करायला गेलेलं असायचं. वहिनी म्हणायची, राहू दे गो, मी काय त्यात शोभणार आहे. मी तेव्हाही चिडायचे. पण ती माझा हात दाबून मला गप्प करायची.

गावी जाताना तिच्या बॅगेत काय असायचं, तर गोरं होण्याची क्रीमं. आखातातून येणाऱ्या माणसाकडे लोक खजूर मागतात, दुधाची पावडर मागतात, तशीच ही क्रीमं मागतात. चुलत सासवा, आते, मावशा, त्यांच्या लग्नाच्या मुली. वहिनी दुकानात उभी राहून कुणाला कुठली हवी ते आठवून आठवून घ्यायची आणि कपड्यांत गुंडाळून नीट भरायची. एकदा एका आतेने तिच्या हातातून ट्यूब घेता घेता विचारलं होतं, तू स्वतः लावत नाहीस का गो? सगळ्यांसमोर. वहिनी हसली, ओढणी तोंडावर घेऊन.

आता त्या दुसऱ्या बाईबद्दल.

मी अमवाज आयलंड्सवरच्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला आहे. तिथली एक डॉक्टर पोलंडची. उंच, केस बारीक कापलेले, आवाज कोरडा, पण माणूस म्हणून भली. तिने आल्या आल्या वेटिंग रूममध्ये एक चित्र लावलं. षटकोनी फ्रेम, आणि त्यात एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई. डोक्याला घट्ट पांढरी टोपी, अंगावर केसाळ कातड्याच्या काठाचा जाड कोट, गळ्यात मोत्यांची माळ. मागे चांदीसारखा रंग. पण बघणाऱ्याचं लक्ष कपड्यांकडे जातच नव्हतं. बाईचे गाल ओघळलेले, हनुवटीखाली मांसाची घडी, एक पापणी दुसरीपेक्षा खाली, गालावर चामखीळ. आणि ती सरळ बघत होती. तुम्ही खुर्ची बदललीत तरी तुमच्याकडेच.

पेशंट कुरकुरायला लागले. एका बाईने माझ्याकडे येऊन सांगितलं की आधीच दात काढायची भीती, त्यात ही समोर. मालकांनी सांगितल्यावर डॉक्टरने चित्र काढलं आणि आपल्या तपासणीच्या खोलीत, स्वतःच्या टेबलामागे लावलं. मी तिला विचारलं की ही तुझी कोणी लागते का. ती म्हणाली, नाही, कोण होती कुणालाच माहीत नाही, आणि चित्रकाराचंही नाव राहिलेलं नाही. मग तिने मला समजावून सांगितलं. तीन-चारशे वर्षांपूर्वी तिच्या देशात बड्या घरातलं माणूस गेलं की त्याचा चेहरा पत्र्यावर रंगवून घेत. तो पत्रा शवपेटीच्या डोक्याकडच्या बाजूला ठोकत, चेहरा लोकांकडे करून. चर्चमध्ये सगळे जमले की गेलेला माणूस पेटीवरून त्यांच्याकडे बघतो आहे असं वाटे. धर्मगुरू बोलताना त्या चेहऱ्याकडे वळून बोलत. पेटी पुरत, पत्रा चर्चमध्ये राही. तिच्या आजीच्या गावच्या चर्चमध्ये असे काही आहेत, आणि हे चित्र त्यातल्याच एकाची छापील प्रत होती.

मी म्हटलं, मग जरा बरी तरी रंगवायची होती. डॉक्टर म्हणाली की बरी रंगवली असती तर ती कुणाच्या अंत्यविधीला आली असती? ती हसत नव्हती. पेशंटना यातलं काही सांगू नकोस, एवढं मात्र बजावलं.

वहिनीची खालची दाढ मोडली तेव्हा मी तिला आमच्याच दवाखान्यात आणलं. डॉक्टर कॅप किंवा ब्रिज असं मोठं काम करायच्या आधी चेहऱ्याचे फोटो घेते, समोरून, बाजूने, मग तोंड उघडून. तिने कॅमेरा उचलला तशी वहिनी खुर्चीतून उठायला लागली. मला म्हणाली, बाईंना सांग, मी काढते, त्यांना उभ्या राहू दे. मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर पहिल्यांदा मोठ्याने हसली आणि म्हणाली, आज पेशंट तुम्ही आहात. वहिनी परत बसली, पण ओढणी चाचपडत होती. ओढणी मी काढून ठेवलेली होती. तिला हात कुठे ठेवायचे ते कळेना. मग डॉक्टरच्या मागच्या भिंतीवर तिची नजर गेली आणि तिथेच थांबली. डॉक्टरने तेवढ्यात फोटो घेतले.

"ही कोण गो?" वहिनीने मला विचारलं.

मी तिला सगळं सांगितलं, पत्रा, पेटी, चर्च. ती खुर्चीत मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं की हे मेल्यावर काढलेलं की आधी. डॉक्टर म्हणाली की दोन्ही होत असे, हिचं माहीत नाही.

"आधी काढलेलं आहे," वहिनी म्हणाली. "तोंडावर राग आहे. मेलेल्या माणसाला राग कुठला."

घरी परतताना बसमध्ये ती त्या बाईबद्दलच बोलत होती. तिच्या घरच्यांनी ते पेटीवर ठोकू कसं दिलं, याचं तिला नवल वाटत होतं. आपल्याकडे कोणी ठोकू देणार नाही, म्हणाली. मी विचारलं, का? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की आपल्याकडे आधी चुना लावतील.

ब्रिज बसवायचं राहून गेलं. तिचं पोट फुगायला लागलं होतं. गॅस म्हणून तिने ओवा खाल्ला, सोडा घेतला. दादाला सांगितलं, तेव्हा दादाची उन्हाळ्याची धावपळ होती. आखातात उन्हाळ्यात एसी बंद पडला की माणसं वेडी होतात, तेव्हा त्याला शिफ्ट संपली तरी घरी येता येत नसे. या महिन्यानंतर जाऊ, असं तो म्हणाला. वहिनीही म्हणाली, इंशाल्ला, ती मुलांकडून शिकलेली. मी दोघांवरही ओरडले आणि शेवटी मीच तिला घेऊन गेले. गर्भाशयाजवळची गाठ होती आणि ती पोटभर पसरली होती. दादा आधी घेऊन गेला असता तर काय झालं असतं हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सलमानियाच्या इस्पितळात तिचं सगळं नीट केलं, यात मला शंका नाही. दादा रोज संध्याकाळी कंपनीचे कपडे न बदलता यायचा, तिचे पाय चेपत बसायचा. पायांकडे बघत. मी समोर बसलेली असायचे म्हणून मला दिसायचं. ती त्याच्याकडे बघायची आणि तो तिच्या पायांकडे. तिचा चेहरा फार आत गेला होता, मस मात्र तेवढाच होता, त्यामुळे मोठा दिसायचा. एकदा तिने आरसा मागितला. मी पर्समधला दिला. तिने बराच वेळ बघितलं आणि परत दिला, म्हणाली, आता माझ्या आईसारखी दिसायला लागले.

ती गेली तेव्हा मी आणि दादा दोघंही तिथे होतो. तिची मुलगी, माझी भाची, पुण्यात इंजिनियरिंगला आहे, ती पोहोचू शकली नाही. प्रेत गावी न्यायचं ठरलं. त्याचे कागद व्हायला वेळ लागतो, दूतावास, पोलीस, विमानाचं बुकिंग. मंडळातल्या लोकांनी त्यात धावपळ केली, हे मला नाकारायचं नाही. तेवढ्या मधल्या दिवसांत त्यांनी शोकसभा ठेवली. एका हॉटेलच्या मागचा हॉल मिळाला.

मी दवाखान्यातून तशीच गेले आणि थोडी उशिरा पोहोचले. हॉलमध्ये पांढरी चादर घातलेलं टेबल, समई, ताटात फुलं, मधोमध मोठा फोटो. मला पहिल्यांदा वाटलं, मी चुकीच्या हॉलमध्ये शिरले. फोटोत एक गोरी बाई होती. लोण्यासारखी कातडी, भुवया कोरलेल्या, दात एका ओळीत, ओठांवर हसू. मस नव्हता. साडीसुद्धा वहिनीची नव्हती, कुठलीतरी मोरपंखी, जरीची, अशी साडी तिने उभ्या जन्मात नेसली नाही. फक्त डोळ्यांच्या मधलं अंतर तिचं होतं. तेवढं त्यांना बदलायचं सुचलं नसावं.

काकू माझ्याजवळ आल्या, मला कुशीत घेतलं आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, किती छान झालाय ना गं? माझ्या मुलाने अ‍ॅपमध्ये केला. तुझ्या भावाकडे एकही धड फोटो नव्हता, सीपीआर ओळखपत्रावरचा तर अगदीच कसातरी होता.

एकही फोटो नव्हता. तुमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षांचे फोटो आहेत, त्यातला प्रत्येक फोटो तिने काढलेला आहे आणि तिचा एकही नाही. हे मी मनात म्हटलं. दादा पहिल्या रांगेत बसला होता. मी त्याच्याजवळ गेले आणि विचारलं की तू हा बघितला होतास का. त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. तो फरशीकडे बघत होता.

लोक रांगेने फुलं वाहत होते. वहिनीकडे मूल ठेवणारी मल्याळी बाई आली होती. ती टेबलासमोर फूल हातात धरून उभी राहिली आणि तिने गोंधळून माझ्याकडे बघितलं. मल्याळी असल्यामुळे तिला वाटलं असेल, या लोकांत अशी काही रीत असेल. तिच्या तोंडावरचा तो गोंधळ बघितला आणि माझ्यातलं काहीतरी सुटलं. मी पुढे झाले, फ्रेम उचलली, पालथी घातली. समई हलली, पण पडली नाही.

काकू म्हणाल्या, अगं हे काय.

"ही आमची वहिनी नाही," मी म्हटलं. "आमची वहिनी शवागारात आहे. तिला बघायचं असेल तर तिथे जा."

कोणीतरी माझा दंड धरला. मी झटकला. मला अजून बोलायचं होतं, बरंच, पण तेवढ्यात दादा उठला. मला वाटलं तो मला मारेल. मला वाटलं, मारू दे. त्याने फ्रेम सरळ केली, खिशातून रुमाल काढून काच पुसली, पडलेली फुलं उचलून परत तिच्यापुढे ठेवली. सगळं अगदी हळू. मग जाऊन आपल्या जागेवर बसला. मी तिथून निघाले. बाहेर दमट हवेत उभी राहून रडले, पण ते रडणं दुःखाचं नव्हतं. दुःखाला मला कितीतरी दिवस वेळच मिळाला नाही.

प्रेताबरोबर आम्ही दोघं गेलो. विमानात, गाडीत, घाटातसुद्धा आम्ही एकमेकांशी फक्त कागदांबद्दल बोललो. वहिनीची आई गुहागरकडच्या गावातून आधीच येऊन बसली होती. म्हातारीचे डोळे अधू झालेत. पेटी उघडली तशी ती हात पुढे करून आली आणि वहिनीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवायला लागली. कपाळ, भुवया, नाक. मसावर बोट थांबलं. तिथे तिने ते ठेवलं आणि मग हंबरडा फोडला. तोपर्यंत तिला खात्री नव्हती. इतक्या लांबून पेटीतून आलेली बाई आपलीच आहे हे तिला त्या मसाने सांगितलं. मी माझ्या भाचीला धरून उभी होते आणि मला बहरीनमधल्या त्या हॉलमधले सगळे, एकूण एक, इथे आणून उभे करावेसे वाटत होते.

तेराव्याला दादाने बॅगेतून ती फ्रेम काढली. मला वाटलं होतं ती तिकडेच राहिली. त्याने ती ओटीवर, माझ्या आईवडिलांच्या फोटोंशेजारी लावली आणि हार घातला. नातेवाईक येत होते. ती ट्यूबवाली आते म्हणाली, बघ, शेवटी फोटोत कशी उजळली. वहिनीच्या आईला कोणीतरी फोटोजवळ नेलं. ती अगदी जवळ नाक नेऊन बघत राहिली.

"ही कोण?" तिने विचारलं.

मी दादाकडे बघितलं. तो पंगतीला पाणी वाढायला निघून गेला.

मी बहरीनला परत आल्यावर पंधरवड्याने भाचीचा फोन आला. तिला मराठी सगळं कळतं, पण इथल्या शाळेत शिकल्यामुळे ती बोलते इंग्रजीत, आणि भावना असली की मराठीत अडखळते. तिला आईचा खरा फोटो हवा होता. तिने स्वतःचा फोन शोधला होता. त्यात आई कुठे कडेला अर्धी, कुठे पाठमोरी, कुठे तोंडावर ओढणी. तिला लहानपणापासूनचं सगळं आठवत होतं आणि आई फोटोत नाही हे कधी खटकलंच नव्हतं, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी तिला म्हटलं, हे तुझं काम नव्हतं, ज्यांचं होतं त्यांनी केलं नाही.

फोन ठेवल्यावर मला दवाखान्यातले फोटो आठवले. मी डॉक्टरकडे गेले. पेशंटचे फोटो असे देता येत नाहीत, हे मला माहीत होतं, मीच लोकांना ते सांगते. डॉक्टरने ऐकून घेतलं. मग म्हणाली की मुलीला स्वतः मेल करायला सांग, आईचा मृत्यूचा दाखला जोडायला सांग. ते सगळं झाल्यावर तिने स्क्रीनवर फोटो उघडला आणि खोलीतून बाहेर गेली, मला एकटीला बघता यावा म्हणून.

फोटोत वहिनी समोर बघत होती, जरा वर, डॉक्टरच्या डोक्यावरून. ओढणी नाही. तोंड मिटलेलं, दोन दातांनी ओठ जरा पुढे आलेला. दुखऱ्या दाढेने एक गाल सुजलेला. दवाखान्याचा दिवा क्रूर असतो, तो कातडीवरचं काहीच लपवत नाही. मस होता, त्यावरचे केससुद्धा होते, त्या आठवड्यात कापायचे विसरलेले. ती हसत नव्हती. कुणाला बरं वाटावं म्हणून काहीच करत नव्हती. इतक्या वर्षांत मी तिला अशी फार थोड्या वेळा बघितली होती.

भाचीने फोटो मिळाल्यावर फोन केला. म्हणाली, "आत्या, हीच." तिने तो प्रिंट करून आजीकडे नेला. म्हातारीला दिसलं किती कोण जाणे, पण भाचीने तिच्या बोटाला धरून दाखवलं, हे कपाळ, हा मस. तो फोटो आता तिच्या उशाशी आहे.

मग मी एक प्रत घेऊन बुसैतीनला दादाकडे गेले. तिथेही ती गोरी बाई भिंतीवर होती. काकूंच्या मुलाने दोन फ्रेमा करून दिल्या होत्या. मी दादासमोर प्रिंट ठेवली आणि म्हटलं, ती काढ आणि ही लाव. त्याने प्रिंटकडे एकदा बघितलं आणि ती उलटी केली, मी हॉलमध्ये केली होती तशीच. मला इतका राग आला की शब्द सुचेनात. मग सगळे एकदम आले. आईने दारात काय म्हटलं होतं, आतेने काय विचारलं होतं, तू प्रत्येक वेळी तिथे होतास आणि एकदाही बोलला नाहीस, ती जिवंत होती तोवर तुला तिला फोटोत घ्यावंसं वाटलं नाही, आणि मेल्यावर तुला बायको हवी ती दुसरीच. इस्पितळात तू तिच्या पायांकडे बघायचास. मी हे सगळं बोलले. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

त्याने एकही वाक्य खोडून काढलं नाही.

"त्या फोटोत ती बघते," तो म्हणाला. "मला घर एकट्याने चालवायचंय गो. तिने रोज असं बघितलं तर मी इथे राहू शकणार नाही."

माझ्या नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला दादाची दया आली. इतरांनाही येते. एका परक्या देशात एकटा राहिलेला माणूस, दिवसभर उन्हात गच्चीवर उभा राहून लोकांची घरं थंड करतो आणि संध्याकाळी रिकाम्या घरात येतो. मलाही तो दिसतो. पण मी त्याला तेव्हा म्हटलं ते आजही म्हणते, की बघू दे. आयुष्यभर तिने मान खाली घातली, आता तिला बघायची मुभा आहे आणि तुला ती सोसायला हवी. त्याने प्रिंट कपाटात ठेवली. फाडली नाही. एवढंच.

मंडळात मी जात नाही. काकूंनी निरोप पाठवले, एकदा घरीही आल्या, म्हणाल्या की मी प्रेमानेच केलं गं. मला ते खरं वाटतं. म्हणूनच तर मला त्यांच्याशी बोलता येत नाही. वाईट हेतूने केलं असतं तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. त्यांनी प्रेमाने केलं, आणि प्रेमाने करायचं म्हटल्यावर त्यांना सुचलं काय, तर मस खोडणं, दात सरळ करणं, कातडी सोलून काढणं. जिथे जिथे वहिनी होती तिथे तिथे पुसलं, आणि उरलं त्याला हार घातला.

दादाकडे मी सुट्टीच्या दिवशी जाते, कारण तो माझा भाऊ आहे आणि त्याला स्वयंपाक येत नाही. मी भिंतीकडे पाठ करून बसते. खुर्चीच अशी ठेवली आहे. त्याला कळतं. आमटी कशी फोडणीला टाकायची ते मी त्याला दाखवते आणि तो मोहरी जाळतो. मागच्या वेळी खालची बहरीनी छोटी दारात आली होती, आता चांगली मोठी झालीय. आत डोकावली, भिंतीवरच्या गोऱ्या बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि वहिनी कुठे आहे असं विचारलं. दादाने गॅस बारीक केला आणि म्हणाला, मफी. नाही. तिने पुन्हा एकदा भिंतीकडे बघितलं आणि जिन्याने खाली गेली.